मे महिन्याची अट

जुलै 2019 मध्ये नागपुरात नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं. तोतलाडोह धरणाचा साठा तळाला गेला होता. तेव्हापासून हे धरण ज्यात येतं तो पेंच प्रकल्प माझ्या संगणकात मुक्कामाला आहे.

तोतलाडोहचं पाणी वीजघरातून उतरतं आणि खाली नवेगाव खैरीला पुन्हा अडतं. तिथून शहराचं पिण्याचं पाणी आणि धानाचे कालवे निघतात. पाणी तेच, त्यामुळे भांडण मुख्यतः वेळेचं: विजेला हवं असतं तेव्हा धानाला नको असतं. मी उद्दिष्टं दोनच धरली, वीज आणि धान. शहराचं पाणी ही अट. ते उद्दिष्ट केलं असतं, तर पॅरेटो वक्रावर, म्हणजे उत्तम तडजोडींच्या रेषेवर, तहानलेल्या शहराचेही बिंदू मानानं बसले असते, आणि कुणीतरी त्यातला एक निवडला असता.

तडजोडी शोधायला मी उत्क्रांती अल्गोरिदम वापरला. त्यातला एक उमेदवार म्हणजे बारा महिन्यांत किती पाणी सोडायचं याचं वेळापत्रक. शंभर उमेदवारांची पिढी, संकर, थोडे फेरफार, निवड, पुन्हा नवी पिढी. अट मोडणाऱ्याला मी दंड लावत असे. दंड हलका असला की वेळापत्रकं तो भरून मोकळी होत: मे महिन्यात शहर कोरडं, वीज भरपूर. जड केला की सगळी एका कोपऱ्यात गोळा होत, धरण राखून कालवे बंद.

मग कल्याणमय देब आणि आयआयटी कानपूरमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांचा एनएसजीए-टू या अल्गोरिदमवरचा 2002चा शोधनिबंध हाती आला. त्यातला नियम असा: अट पाळणारा मोडणाऱ्याच्या पुढे. दोघंही मोडत असतील तर कमी मोडणारा पुढे. दोघंही पाळत असतील तरच उद्दिष्टांची तुलना. या तीन वाक्यांचं मोल दंडाचा आकडा शोधत रात्री जागवलेल्यालाच कळेल.

तरी एक अडचण उरली. टर्बाइन ठरावीक प्रवाहाखाली चालत नाही. चालवायचं तर पुरेशा पाण्यावर, नाहीतर बंद. त्यामुळे चालण्याजोगी वेळापत्रकं बेटांसारखी विखुरतात. पहिलं बेट सापडलं की सगळी पिढी तिथंच वस्ती करी. ताकाहामा आणि साकाई या जपानी संशोधकांचा उपाय मला मानवला: सुरुवातीला अटीत थोडी सूट द्यायची आणि पिढीगणिक ती शून्यावर आणायची.

शेवटच्या पिढीतल्या एका उत्तम वेळापत्रकाची वंशावळ मी काढून पाहिली. त्यात शहराला वर्षभर पुरेसं पाणी होतं. त्याच्या एका पूर्वजात मात्र मे महिन्यात चार दिवसांचं पाणी कमी पडत होतं. सूट नसती, तर तो पहिल्याच चाळणीत गळला असता.