पोट फाडलेला कॉम्प्युटर

मंडळी, बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण आमचा कॉम्प्युटर चार दिवस जेवणाच्या टेबलावर पोट फाडून पडला होता. आणि फाडणारा मी, मराठीचा निवृत्त मास्तर!

पीसी २०१३ चा. चालू करून चहा टाकायचा, चहा पिऊन झाला की स्क्रीनवर काहीतरी उमटायचं. त्यात विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या यादीत आमचा म्हातारा प्रोसेसर बसत नाही. दुकानदार म्हणाला, "काका, नवीनच घ्या." मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, कुणालातरी बोलवा, पैसे मी पाठवतो."

बोलावलं होतं की. २०१७ साली.

तेव्हा हिने दोन वर्षं खपून आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या टाइप केल्या होत्या. दुपारी आईजवळ बसायचं, वहीत उतरवायचं, रात्री एका बोटाने टाइप करायचं. टाइप झालेली वही रद्दीत. व्हायरस शिरला म्हणून एका मुलाला बोलावलं. त्याने तासाभरात विंडोज नव्याने टाकलं, डिस्क साफ केली आणि मग विचारलं, "काही महत्त्वाचं नव्हतं ना?"

सासूबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

ही काही बोलली नाही. त्या मुलाला चहा दिला. तो कामात वाईट नव्हता हो, मशीन नंतर छान पळायचं. दुसरी कॉपी मी ठेवली नव्हती, आणि तो काम करत असताना मी पेपर वाचत होतो. पुढे आठवून आठवून हिने चाळीसेक ओव्या पुन्हा लिहिल्या, काही मावशीकडून मिळवल्या.

म्हणून या वेळी मी स्क्रू ड्रायव्हर काढला तेव्हा हिने एवढंच विचारलं, "अहो, आधी माझी फाइल?" दोन पेनड्राइव्हवर घेतली. मग वायर काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून (अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून) कामाला लागलो.

रॅम ४ जीबीची ८ केली. डीडीआर-३ च्या पट्टीला खाच असते, उलटी बसतच नाही. तरी चालू केल्यावर नुसतं बीप बीप! जुनी पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसले. आयुष्यभर पोरांच्या वह्यांवर फिरवला तोच खोडरबर. पट्टी दोन्ही टोकांना टक् आवाज येईपर्यंत दाबली आणि स्क्रीन उजळली. खरं सांगतो, पहिल्या पगाराइतका आनंद झाला.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी लावली. त्यावर भाच्याला फोनवर धरून लिनक्स मिंट टाकलं. जुनी डिस्क पुसली नाही, तशीच कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. आता चहा गॅसवर असतानाच मशीन तयार असतं.

पण पॉवर सप्लायचा पंखा घरघरत होता. स्क्रू समोरच, हातात पाना. तिथे मात्र हात आवरला. वायर काढली तरी त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते, आणि हे धाडस करायचं माझं वय नाही. माणूस बोलावला. (तो नव्हे, दुसरा.) त्याने अख्खी पेटीच बदलली, वीस मिनिटांत. मग माझ्या वायरी बघून म्हणाला, "काका, हे कुणी केलं?"

"मी."

"बरोबर आहे. फक्त केबल बांधायला हव्या होत्या." आणि प्लास्टिकच्या पट्टीने सगळ्या नीट आवळल्या. म्हणजे उत्तर बरोबर, अक्षराचे गुण कापले!

या वेळी पेपर घडी करून ठेवला होता. हीसुद्धा समोर खुर्ची टाकून बसली होती, पेनड्राइव्ह मुठीत धरून. तो म्हणाला, "सगळं ओके आहे का बघून घ्या." मी पुढे झालो तर हिने मला बाजूला केलं. स्वतः फाइल उघडली, सावकाश शेवटच्या ओवीपर्यंत खाली गेली.

मग उठली आणि त्याला विचारलं, "साखर किती घेता?"