ठाण्याच्या तटामागचा तांदूळ

चि. सोनूस,

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह मुळात किल्ला होतं, तर तो बांधला कोणी, असं तू विचारलंस. पोर्तुगीजांनी, हे उत्तर अर्धंच. १७३०च्या दशकात त्यावर दगड वाहिले ते साष्टीच्या रयतेने, आणि तेही वेठीने. माझ्या मते या तटाची कमजोरी तिथेच होती. समज, १००० माणसांना रोज शेरभर तांदूळ द्यायचा. म्हणजे चाळीस शेरांच्या मणाने दिवसाला २५ मण आणि वीस मणांच्या खंडीने महिन्याला साडेसदतीस खंडी. सरकार हे धान्य देत नसेल, तर ते कुणाच्या तरी कणगीतून जातंच. वेठीचा माणूस घरचं खाऊन परक्याची भिंत उभारतो, आणि बांधकाम चालतं त्या नेमक्या कोरड्या महिन्यांत त्याच्या शेतातली राबभाजणी आणि बांधबंदिस्ती अडून राहते. एका वेठीत घर दोनदा लुटलं जातं: आजचं धान्य जातं आणि पुढच्या वर्षीचंही.

१७३७च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं तेव्हा किल्ला अपुराच होता. तू म्हणशील, अंजूरचे स्थानिक पुढारी गंगाजी नाइक यांनी पेशव्यांकडे धाव घेतली ती धर्मछळामुळे. खरं आहे, पुढाऱ्यांची तक्रार मुख्यतः तीच होती. पण ज्यांनी तो तट उपाशीपोटी चढवला, त्यांनी तो राखायला जिवावर उदार का व्हावं? मराठेही वेठ घेत, हेही मी नाकारत नाही. तरी लोकांचं धान्य ओरबाडलं की काय होतं, याची जाण इथल्या राज्यकर्त्यांना होती. चिपळूणच्या लष्कराला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र सांगतं की दाणावैरण आताच बेपर्वाईने संपवाल तर पावसाळ्यात रयतेला छळाल.

मग वेठीऐवजी मजुरी धान्यात द्यावी म्हटलं, तर दुसरा आक्षेप येतो, आणि तो जास्त टोकदार आहे: मजुरी धान्यात दिली की मजूर बांधला जातो. भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं आजही बयाणा घेऊन येतात, आठवड्याच्या खर्चीवर दिवस काढतात आणि हंगाम संपला तरी अनेकदा देणंच उरतं. पण तिथे बांधून ठेवते ती मालकाच्या वहीतली बाकी. ज्या दिवशीचं काम त्याच दिवशी मापून दिलेला शिधा भाव चढला तरी पोट भरतो, कारण पैशाची मजुरी महागाईत आटते, पायली आटत नाही. म्हणून मला धान्याच्या मजुरीत दोष दिसत नाही. मापाचा आणि वहीचा हिशेब एकाच हाती असण्यात दिसतो.

तुझा मामा