कोथरूडचे साठीतले बंगले

कोथरूड, पुणे

ती. मामांस,


मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी, डहाणूकर कॉलनी या भागांत जे जुने बंगले उरले आहेत, ते बहुतेक १९६० आणि ७०च्या दशकांतले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पुराने बसले आणि शहर पश्चिमेकडे सरकू लागलं. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सचा कारखानाही कोथरूडलाच आला. टेकडीखालच्या शेतांवर प्लॉट पडले.

या घरांत वाड्याचा चौक नाही, कॅम्पातल्या साहेबी बंगल्याचा थाटही नाही. काळ्या दगडाचं जोतं, विटांच्या भिंती, वर सपाट स्लॅब. खिडक्यांवरचा लांब छज्जा पावसाची झड अडवतो आणि दुपारचं ऊन आत येऊ देत नाही. जिन्याला सिमेंटची जाळी असल्याने दिवसा दिवा लागत नाही, वाराही खेळता राहतो. पायाखाली मोझेक किंवा शहाबादी फरशी. शोभेसाठी वेगळं काही चिकटवलेलं नाही. जे कामाचं, तेच देखणं. आचऱ्याचे वास्तुविशारद अच्युत कानविंदे हाच विचार मोठ्या संस्थांच्या इमारतींतून मांडत होते. कोथरूडला तो साध्या पगारदाराच्या घरापर्यंत पोचला, ही फार मोठी गोष्ट आहे.

अशा घराला पहिला धोका पाण्याचा. गच्चीतून झिरपलेलं पाणी छज्ज्यातल्या सळईपर्यंत जातं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. त्यावर नुसतं प्लॅस्टर मारणं व्यर्थ. सुटं काँक्रीट काढून सळई घासावी, गंजरोधक लेप द्यावा आणि मगच दुरुस्तीचा मसाला भरावा. गच्चीवर जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवत गेल्यास स्लॅबवरचं ओझं वाढतं. आधीचा काढूनच नवा घालावा. मोझेकवर नव्या टाइल्स बसवू नयेत, घासून पॉलिश केलं की ते पुन्हा उजळतं. दगडी जोत्याला ऑइलपेंट तर कधीच लावू नये, ओल आतच कोंडते.

ही घरं टिकवायला कायद्याचा आधार मात्र तोकडा आहे. वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या शहरी भागांत पन्नास वर्षांच्या झाडाला वारसा दर्जा मिळतो. त्या झाडाशेजारच्या साठ वर्षांच्या घराला वयामुळे असा दर्जा मिळत नाही; त्यासाठी महापालिकेच्या वारसा यादीत नाव लागतं. दिल्लीचं १९७२चं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनगृह २०१७ मध्ये पाडलं गेलं, तेव्हा वारसा दर्जा न देण्यासाठी साठ वर्षं पुरी न झाल्याचं कारण पुढे आलं होतं. कोथरूडला तर मार्च २०२२ पासून वनाजची मेट्रो धावते आहे आणि जमिनीचा भाव घराच्या किमतीला गिळून टाकतो. वारस चार असले की विक्रीचा मोह समजण्यासारखा असतो.

तरीही पाडण्याआधी घराची मोजमापं घेऊन नकाशे काढणं, फोटो काढणं, मूळ मंजूर नकाशा जपणं कुणालाही जमतं. सागवानी खिडक्या आणि दारं नीट उतरवली तर दुसऱ्या घरात बसवता येतात. सिमेंटची जाळी उतरवताना बहुधा फुटते, म्हणून तिचा साचा आधी घ्यावा.



आपली भाची