म्हाताऱ्याची दुनळी

मिझुरीत आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याने एका वसंतात मला रानटर्कीच्या शिकारीला बोलावले. आमच्या घराण्यात झुरळापलीकडे कोणी काही मारलेले नाही! तरी परवाना काढला, आणि त्याच्या वडिलांच्या 12 बोअर दुनळीसाठी ऐटीत 3 इंची काडतुसे आणली. ती नळीत अलगद बसली, बंदूक मिटलीही. तेवढ्यात म्हाताऱ्याची नजर खोक्यावर गेली. "थांब!" तो ओरडला.

काडतुसावर लिहिलेली लांबी उडाल्यानंतरची असते. ही बंदूक 2¾ इंचांची. दुमडलेले तोंड उलगडायला तिच्यात जागा उरत नाही आणि दाब भलताच चढतो. नळी फुटली असती तर डावा हात माझाच होता. पोलादी छर्रेही जुन्या घट्ट चोकला वर्ज्य.

मग त्याने 2¾ इंची, 5 नंबरच्या शिशाच्या छर्ऱ्यांची काडतुसे दिली. कागदावर टर्कीचे डोके-मान काढून 40 वारांवरून बार काढले. उजवी नळी सैल चोकची, छर्रे पार पांगले. डावी घट्ट, तरी मानेत चारच. 30 वारांवरून पंधरा.

"एवढाच तुझा पल्ला," म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या पहाटे टर्की आला, पिसारा फुलवून नाचला, पण 45 वारांच्या आत येईना. मी चापावरचे बोट काढले.

"काय आणलंत?" बायकोने विचारले.

"काडतुसं," मी म्हणालो.