काळविटास अनावृत पत्र

कळंब, जि. यवतमाळ

प्रिय काळवीटा,

शेजारच्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा-सोहोळ अभयारण्य खास तुझ्यासाठी राखलेलं आहे. पण चाऱ्या-पाण्याच्या शोधात निघालेल्या कळपाला नकाशावरची हद्द कशी कळावी? तू वावरात येतोस, हरभऱ्याचे कोवळे शेंडे खातोस आणि जागलीवरच्या माणसाची झोप उडते. त्याचा राग खोटा नाही. तरीही तुझी बाजू मांडायलाच हवी.

चाहूल लागली की कळपातलं एखादं हरीण चारही पाय एकदम उचलून सरळ वर उसळतं. पाठोपाठ दुसरं, मग तिसरं. कळपाला इशारा पोचला की पाय मोकळे सुटतात. ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंतचा वेग या सडपातळ देहात कुठून येतो? तुझं मांस सारं पुठ्ठ्यात आणि खांद्यात. खाली फक्त हाड, कंडरा आणि खूर. म्हणून पाय हलका आणि झपकन पुढे येतो. मागच्या पायाचा उलटा गुडघा वाटतो तो खरं तर घोटा. म्हणजे तू जन्मभर बोटांच्या टोकांवरच धावतोस. पाय टेकला की कंडरा ताणतात, उचलला की ती ताकद परत देतात. ऑस्ट्रेलियातला कांगारू याच युक्तीवर दोन पायांनी उड्या मारतो. त्याला तोल सांभाळायला जाड शेपटी लागते. तुझं काम चार पायांवर भागतं.

हे शरीर घडलं ते उघड्या माळरानावर, चित्त्यासारख्या शिकाऱ्यापुढे. तो चित्ता १९५२ साली भारतातून नामशेष म्हणून जाहीर झाला. तुझा वेग उरला, पण ज्या माळावर तो कामी येई, तो माळ नांगराखाली, रस्त्यांखाली गेला. आता तुझी गाठ कठडा नसलेल्या विहिरीशी, काटेरी तारेशी आणि रानडुकरासाठी धुऱ्यावर सोडलेल्या विजेच्या प्रवाहाशी पडते. भरधाव धावताना अंधारात विहीर दिसत नाही. तारेतला करंट तर दिसण्याचा प्रश्नच नाही. यांच्यापुढे तुझी कुठलीही झेप उपयोगाची नाही.

म्हणून शेवटचं बोलणं तुझ्याशी नाही, माझ्या गावकऱ्यांशी आहे. विहिरीला कठडा बांधा. त्याने आपली लेकरं-गुरंही वाचतील. कुंपणात करंट सोडू नका. त्यात शेतकरीही जीव गमावतात. पीक खाल्लं तर पंचनामा करून घ्या आणि भरपाईसाठी वनविभागाकडे अर्ज करा. आणि वनविभागाने ती भरपाई पुढच्या पेरणीआधी शेतकऱ्याच्या हाती द्यावी. काळविटाला वाचवण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

तुझा,
कळंबचा एक शेतकरी