मोहम्मडन की मुंबई?

इंडियन सुपर लीगचा अकरावा हंगाम १३ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला आणि मित्रांचा ठरलेला प्रश्न आला, ‘यंदा मोहम्मडनला सपोर्ट ना?’ विचारणाऱ्यांत हिंदू मित्र आहेत, आपल्या मोहल्ल्यातलेही आहेत. कुणाचा हेतू वाईट नाही. पण माझं उत्तर माझ्या नावावरून आधीच ठरवलेलं असतं, ते खटकतं. म्हणून पहिल्या आठवड्याचा हिशेब मांडतो.

पहिला सामना कोलकात्यात, मोहन बागान विरुद्ध मुंबई सिटी. त्याच मैदानावर ४ मे रोजी मुंबईने याच संघाला ३-१ ने हरवून करंडक जिंकला होता. या वेळी अर्ध्या तासात मुंबई दोन गोलांनी मागे. पहिला तर मुंबईच्याच टिरीचा स्वयंगोल! सत्तराव्या मिनिटाला त्याच टिरीने एक गोल फेडला आणि अगदी शेवटी थाएर क्रूमाने बरोबरी साधली. २-२. जिद्द होती, पण मधली फळी मला कच्ची वाटली. अपुइया मुंबई सोडून मोहन बागानकडे गेला, ती जागा तेव्हा भरलेली नव्हती.

बाकी आठवडा पाहुण्यांचा ठरला. पहिल्या सहा सामन्यांत घरच्या मैदानावर जिंकला तो एकटा बेंगळुरू. ऐन ओणमच्या दिवशी कोचीत पंजाबने केरळा ब्लास्टर्सला २-१ ने हरवलं. गोव्याला त्यांच्याच फातोर्ड्यात जमशेदपूरने हरवलं.

आणि १६ सप्टेंबर. त्या दिवशी ईद-ए-मिलाद होती. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी असल्यामुळे मुंबईत सरकारी सुट्टी १८ तारखेला नेली होती. त्याच संध्याकाळी कोलकात्यात मोहम्मडन स्पोर्टिंग या लीगमधला आपला पहिला सामना खेळला. १८९१ चा हा क्लब. १९३४ ला कलकत्ता लीग जिंकणारा पहिला भारतीय संघ, आणि १९३८ पर्यंत सलग पाच वर्षं विजेता. गोऱ्यांच्या पलटणींना हरवणारा संघ म्हणून त्याचं नाव देशभर झालं. आय-लीग जिंकून तो वरच्या लीगमध्ये आला. नॉर्थईस्ट युनायटेडला त्यांनी नव्वद मिनिटं रोखून धरलं आणि जादा वेळेत अलाएद्दीन अजारेने गोल केला. ०-१. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण वाईट वाटणं वेगळं आणि संघ आपला असणं वेगळं. २०२४ च्या हंगामाच्या सुरुवातीचा मोहम्मडन संघ पाहा. गोलकीपर पदम छेत्री, विंगवर मिझोरामचा लालरेमसांगा फनाई, मधल्या फळीत अर्जेंटिनाचा अलेक्सिस गोमेझ, कोच तेव्हा रशियाचे आंद्रेई चेर्निशॉव्ह होते. हा कोलकात्याचा क्लब आहे, तिथल्या गल्ल्यांचा. त्याच्या इतिहासाचा मला अभिमान आहे, जसा १९३७ ला मुंबईत रोव्हर्स कप जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय संघाचा, बंगलोर मुस्लिम्सचा आहे. पण मुंबई आणि मोहम्मडन समोरासमोर येतील तेव्हा मी मुंबईच्या बाजूने ओरडणार. मी महाराष्ट्राचा आहे, एवढं कारण पुरेसं आहे. नगरचा एखादा हिंदू मुलगा मोहन बागानचा फॅन असला तर त्याला कुणी कारण विचारत नाही. तेवढी मोकळीक मलाही हवी. आणि उद्या कुणी मुस्लिम पोरगा मनापासून मोहम्मडनचा झाला, तर त्याच्याकडेही कुणी वाकड्या नजरेने बघू नये.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. २०२४ च्या तेरा संघांच्या लीगमध्ये अख्ख्या महाराष्ट्राचा संघ एकच होता. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१४ च्या पहिल्या हंगामापासून होता. २०१९ ला तो बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडी इथून सव्वाशे किलोमीटर, सकाळी निघून रात्री परत येता यायचं. अंधेरीचं तसं नाही. तिकिटापेक्षा प्रवास आणि मुक्काम महाग पडतो.

भिंगार हे छावणीचं गाव. आमच्या पिढीने फुटबॉल शिकला तो जवानांना खेळताना पाहून. आजही संध्याकाळी इथे पोरं खेळतात. एखाद्याच्या पायात खरंच जादू असते. पण तो सोळा-सतरा वर्षांचा झाला की घरचे विचारतात, पुढे काय? त्याचं उत्तर ना त्याच्याकडे आहे, ना माझ्याकडे. मग तो गॅरेजवर जातो, नाहीतर अब्बांच्या दुकानात बसतो. त्याच मैदानावरचा हिंदू पोरगाही असाच कुठेतरी कामाला लागतो. या बाबतीत दोघांत काही फरक नाही.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी मला मोहम्मडन की मुंबई, असं विचारू नका. पुण्याचा संघ परत कधी येणार, ते विचारा. त्यावर आपण सगळे मिळून भांडू.