कंपनीचा विमा

त्याला कोणी बोलावून आणत नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ओळखपत्र, पगाराचं खातं, पीएफचा नंबर असं सगळं येतं, त्यांच्या मागोमाग तो येतो आणि एका लांबलचक ईमेलच्या तळाशी मुकाट बसून राहतो. कागदोपत्री त्याचं नाव ग्रुप टर्म लाइफ इन्शुरन्स. ऑफिसात त्याला जीटीएल म्हणतात. घरी, कोणाला ठाऊक असलाच तर, तो ‘कंपनीचा विमा’. हप्ता कंपनी भरते. ठरावीक रकमेपर्यंत तो डॉक्टरी तपासणीही मागत नाही. शेकडो माणसांना एकदम पोटाशी घेतो, त्यात साखरेचा आजार असलेलाही आला आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाराही आला. बाहेर स्वतःच्या पैशाने विमा काढायला गेलं तर ज्याला दहा प्रश्न विचारले असते, त्याला हा एकही विचारत नाही. हा त्याचा मोठा गुण, आणि याबद्दल त्याचं पुरेसं कौतुक होत नाही.

तंजावूरच्या राजवाड्याभोवतीच्या राजवीथींमध्ये तो आता बऱ्याच घरांत आहे. इथून त्रिचीचा विमानतळ गाडीने दीड तासाच्या आत, आणि तिथून सिंगापूर, क्वालालंपूर, दुबई, शारजा. कोणी सॉफ्टवेअर कंपनीकडून दोन वर्षांसाठी जातो, कोणी बांधकामावर, कोणी जहाजदुरुस्तीच्या गोदीत. यांत तमिळ घरं अर्थातच जास्त. पण व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास इथे राज्य बसवलं तेव्हा चाकरीसाठी आलेल्या मराठी माणसांचे वंशजही आहेत, घरात आपली मराठी बोलणारे आणि दाराबाहेर पाऊल टाकताच तमिळवर येणारे. ज्यांचे पूर्वज नोकरीसाठी परमुलखात आले आणि इथलेच होऊन गेले, त्यांची नातवंडं आता नोकरीसाठी इथून निघतात. कंपनीचा विमा त्यांच्याबरोबर निघतो. त्याला व्हिसा लागत नाही. बहुतेक पॉलिसी जगात कुठेही, चोवीस तास लागू असतात.

त्याचा स्वभाव समजून घ्यायचा तर त्याचा फॉर्म जवळून बघावा. आपण फॉर्म भरतो तेव्हा आपलं लक्ष रकमेकडे असतं: वार्षिक पगाराच्या दुप्पट, तिप्पट, क्वचित पाचपट. त्याला मात्र त्या आकड्याशी विशेष देणंघेणं नसतं. त्याचं सगळं चित्त खालच्या चार रकान्यांत असतं. वारसदार म्हणून नेमलेल्याचं नाव. नातं. हिस्सा किती टक्के. आणि तो अज्ञान असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणारा सज्ञान माणूस कोण. हे चार रकाने नीट भरले असतील तर त्याच्याइतका सरळ कोणी नाही. त्यात गफलत असेल तर त्याच्याइतका अडेलतट्टू कोणी नाही.

आणि तंजावूरच्या मराठी घरात गफलत व्हायला जागा फार. इथे आडनावाऐवजी वडिलांच्या नावाचं अक्षर पुढे लागतं, तमिळ रीतीप्रमाणे. समजा मुलाचं नाव किशोर, वडील माधव राव. शाळेच्या दाखल्यावर तो एम. किशोर. पासपोर्टाला नुसतं अक्षर चालत नाही, ते फोडून लिहावं लागतं; तिथे तो किशोर माधव राव, आणि त्यातलं कुठलं नाव आणि कुठलं आडनाव हे अर्ज भरणाऱ्या दुकानदाराने ठरवलेलं. आधारवर किशोर एम. बँकेत किशोर राव. त्याच्या बायकोचं अक्षर लग्नाआधी वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. आईच्या नावाला एका कागदावर ‘बाई’ आहे, दुसऱ्यावर नाही. एकेकाची ही सगळी नावं एकाच माणसाची आहेत यात घरच्यांना शंका येण्याचं कारणच नाही. विम्याला मात्र ती वेगवेगळी माणसं दिसतात, आणि ती एक आहेत हे शाबीत करायची जबाबदारी नेमकी त्या बाईवर येते जिच्या घरात सुतक आहे.

शिवाय पोरगा बाविसाव्या वर्षी नोकरीला लागतो तेव्हा फॉर्मवर आईचं नाव लिहितो. सत्ताविसाव्या वर्षी लग्न होतं, तिसाव्या वर्षी मूल होतं. फॉर्म जिथल्या तिथे. विम्याला लग्नाची पत्रिका कोणी पाठवत नाही.

त्याच्या भाऊबंदांबद्दलही सांगायला हवं, कारण लोक त्यांच्यात आणि त्याच्यात घोटाळा करतात. एक आहे पीएफच्या पोटातला, ईडीएलआय नावाचा विमा. 1 ऑगस्ट 1976 पासूनचा. नोकराच्या पगारातून एक पैसा कापला जात नाही. मालक पगाराच्या अर्धा टक्का भरतो, आणि पगार मोजायची मर्यादा 15,000 असल्याने तो महिन्याला 75 रुपयांच्या वर जात नाही. 2021 पासून त्याची कमाल रक्कम 7 लाख. परदेशी पाठवलेल्या माणसाचा पीएफ इथे चालू राहिला तर हाही चालू राहतो. अनेक घरांना तो आहे हेच माहीत नसतं.

दुसरा प्रवासी भारतीय विमा योजनेचा, 2003 मधला. दहावी न झालेला मजूर आखातासारख्या ठरावीक देशांत निघाला की इमिग्रेशनच्या परवान्याबरोबर हा घ्यावाच लागतो. 2017 च्या सुधारणेनंतर दोन वर्षांना 275 रुपये, तीन वर्षांना 375, आणि संरक्षण 10 लाखांचं. इतक्या कमी पैशांत इतकं देणारा म्हणून मला त्याच्याबद्दल आदर आहे. पण त्याचे ते 10 लाख अपघाती मृत्यूसाठी किंवा अपघाताने आलेल्या कायमच्या अपंगत्वासाठी असतात. आखाती देशांतले किंवा सिंगापूरमधले कामगार-भरपाईचे कायदेही कामामुळे झालेल्या इजेचा, कामामुळे आलेल्या मरणाचा विचार करतात. आणि माणूस रात्री खोलीवर झोपला आणि सकाळी उठलाच नाही तर? उन्हातान्हात दहा-बारा तास काम करून चाळिशीत छातीत कळ येऊन गेलेला मजूर कोणाच्या हिशेबात धरायचा? या प्रश्नावर फार वर्षं कोणी बोट ठेवलं नाही. दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या पुढाकाराने 2024 च्या मार्चमध्ये कामगारांसाठी जी योजना निघाली तिने ठेवलं: कंपनीने दर माणशी वर्षाला 37 ते 72 दिरहम भरायचे, मृत्यू नैसर्गिक असो की अपघाती, घरच्यांना 35 ते 75 हजार दिरहम, आणि देह मायदेशी पाठवायला 12 हजारांपर्यंत वेगळे. सक्ती मात्र नाही. मालकाची इच्छा.

कंपनीचा विमा या सगळ्यांत मोठ्या मनाचा तो इथे. मरण कशाने आलं हे तो बहुतेक वेळा विचारत नाही. आलं एवढं त्याला पुरतं. म्हणूनच तो फक्त काचेच्या इमारतीत बसणाऱ्यांच्या वाट्याला यावा आणि परातीतून वाळू वाहणाऱ्याच्या वाट्याला येऊ नये, हे मला पटत नाही.

त्याचं मूळ शोधायला गेलं तर त्याचा एक धागा याच मुलखाजवळ सापडतो. कलकत्त्यात 1818 मध्ये ओरिएंटल लाइफ निघाली, मद्रास इलाख्यात 1829 मध्ये मद्रास इक्विटेबलने आयुर्विम्याचा धंदा सुरू केला. तंजावुरात तेव्हा सरफोजीराजे दुसरे हयात होते, सरस्वती महालात ग्रंथ जमवत होते. त्या विमा कंपन्यांचं गिऱ्हाईक कोण, तर घरापासून हजारो मैलांवर नोकरी करणारे गोरे. हिवतापाने, पटकीने ते पटापट मरत, आणि मागे विधवा राहत. परदेशी नोकरी करणाऱ्या माणसाचा विमा असाच या देशात आला, फक्त परदेश तेव्हा आपला देश होता. आपल्या माणसांना त्या काळी विमा मिळालाच तर जादा हप्त्याने. इथल्या माणसाचा जीव त्याच दराने धरायला 1870 मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघावी लागली.

पण तंजावूरला परमुलखात मरणाऱ्या माणसाची जबाबदारी गोऱ्यांनी शिकवली असं म्हणता येणार नाही. रामेश्वराच्या वाटेवर इथल्या राजांनी आणि राण्यांनी छत्रं, म्हणजे वाटसरूंसाठी धर्मशाळा, बांधली होती. 1799 च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेल्यावर सरफोजींनी 1801 मध्ये तिच्या रेसिडेंट टोरिनला पत्र लिहून या छत्रांची कामं सविस्तर सांगितली, आणि त्यांना धक्का लागू नये अशी विनंती केली. वाटसरूला जेवण मिळे, हे तर झालंच. आजारी पडला तर वैद्य, औषध आणि पथ्याचं अन्न. बाळंत होणाऱ्या बाईची सोय. तिथेच मेला तर त्याच्या जातीच्या रीतीने अंत्यविधी. आणि आईबाप छत्रात वारले तर मागे राहिलेल्या मुलाला तिथल्या शिक्षकाच्या हवाली करून त्याचं शिक्षण. राज्य गेलं तरी हे राहू द्या, असं म्हणणारा राजा मला फार मोठा वाटतो. आज कंपन्या आपल्या परदेशी नोकरांसाठी जे जे वेगवेगळ्या कलमांत विकत घेतात, म्हणजे औषधोपचार, बाळंतपण, देहाची पाठवणी, मुलांचं शिक्षण, ते सगळं त्या पत्रात आहे. छत्राला वाटसरूचं नावही विचारावं लागत नव्हतं.

वारसाचं नाव विचारलं गेलं की काय होतं तेही तंजावूरच्या राजवाड्याने पाहिलं. तंजावूरचे शिवाजीराजे दुसरे 29 ऑक्टोबर 1855 रोजी वारले. मुलगा नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीने राजपद संपल्याचं जाहीर केलं, आणि 1856 मध्ये कमिशनर फोर्ब्सने वाड्यातली खाजगी चीजवस्तूही ताब्यात घेतली. थोरल्या राणीसाहेब कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. हे राज्यसत्तेचं कृत्य आहे, यात न्यायालयाला हात घालता येत नाही, असं ठरलं. शेवटी 1862 मध्ये सरकारनेच मालमत्ता राण्यांना सोडून दिली. नवरा गेल्यापासून सातवं वर्ष. राणीला वकील मिळाला, वाडा होता. पश्चिम राजवीथीतल्या दोन खोल्यांच्या घरातल्या बाईने सात वर्षं कशावर काढायची?

विम्याची खरी परीक्षा होते ती अशा घरी. परदेशात मृत्यू झाला की तिथला मृत्यूचा दाखला लागतो, तो इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर, भारतीय वकिलातीत नोंद, रद्द केलेला पासपोर्ट. अपघात असेल तर पोलिसांचा आणि शवविच्छेदनाचा अहवाल. दावा कंपनीमार्फत जातो, कारण मूळ पॉलिसी कंपनीच्या नावाची; कर्मचाऱ्याकडे असतं ते फक्त प्रमाणपत्र. नाव जुळलं तर पैसे सरळ खात्यात. नाव नसेल तर तहसीलदाराचा वारस दाखला, वाद असेल तर कोर्ट. यात विमा दुष्टपणा करत नाही. त्याला फक्त कागद वाचता येतो, रडणं वाचता येत नाही.

सगळ्यात चटका लावणारा त्याचा गुण शेवटी सांगतो. तो नोकरीशी बांधलेला आहे. राजीनाम्याचा शेवटचा दिवस संपला की तो उठतो आणि जातो, वीस वर्षांची सोबत असली तरी. आणि परदेशी गेलेल्यांच्या बाबतीत तो कधी कधी नोकरी चालू असतानाही जातो. माणूस डेप्युटेशनवर असतो तोवर भारतातल्या कंपनीच्या यादीत असतो. पुढे त्याला तिथल्या शाखेच्या पगारपत्रकावर घेतात. पगार वाढतो, घरी पेढे वाटले जातात, आणि त्याच महिन्यात इथल्या यादीतून त्याचं नाव निघतं. तिथली शाखा तिथला विमा देत असेल तर ठीक. देत नसेल तर घरच्यांना वाटत राहतं की कंपनीचा विमा आहे, आणि तो केव्हाच गेलेला असतो. बदलीच्या पत्रात पगाराची कलमं ठळक अक्षरात असतात. विमा थांबल्याची ओळ असायला हवी त्याच ठळक अक्षरात, आणि ती घरच्या पत्त्यावर, घरच्यांना वाचता येईल अशा भाषेत जायला हवी. तंजावुरात ती भाषा तमिळ. मराठी घरांतही वाचायची भाषा आता तीच आहे. एका टपाल तिकिटाचा खर्च. माणसं परदेशी पाठवणाऱ्या प्रत्येक कंपनीने तो करावा, आणि सरकारने तो सक्तीचा करावा.

तोवर काम घरातच करायचं. त्रिचीहून जाणारं विमान बहुधा रात्रीचं असतं. दुपारची जेवणं झाली की बॅगा बांधून झालेल्या असतात आणि अर्धा तास मोकळा मिळतो. तेवढ्यात प्रमाणपत्राची एक प्रत छापून आईच्या हातात देता येते, तिच्यावर पॉलिसीचा नंबर आणि ऑफिसात विम्याचं काम बघणाऱ्या खात्याचा फोन लिहिता येतो, आणि फॉर्ममधलं नाव आईच्या आधारशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहता येतं.